संत बॉनिफेस : एका व्याकरणकाराचे धर्मकार्य

१

इ. स. ७४६ मध्ये पोप झकारियास याने जर्मन प्रदेशात धर्मकार्य करीत असलेल्या आर्चबिशप बॉनिफेस यास एक पत्र धाडले. या पत्राचा विषय वरवर पाहता व्याकरणाच्या पहिल्या पाठातला वाटेल. बव्हेरियात एक धर्मगुरू होता. त्यास लॅटिन भाषा येत नव्हती. परंतु बाप्तिस्म्याचा विधी लॅटिनमध्येच करावयाचा असल्यामुळे तो कानावर पडलेला मंत्र आपल्या परीने उच्चारीत असे. ‘पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ या अर्थी ‘इन नोमिने पात्रिस एत फिलिई एत स्पिरितुस सांक्ती’ असे म्हणावयाचे, तेथे तो ‘पात्रिआ एत फिलिआ’ असे म्हणे. षष्ठी एकवचनाची दोन रूपे त्याच्या मुखात बिघडली होती. जे रूप उमटले ते शब्दशः घेतले तर ‘पित्या’च्या जागी ‘पितृभूमी’ आणि ‘पुत्रा’च्या जागी ‘कन्या’ येते.

असा बाप्तिस्मा मिळालेल्यांना तो पुन्हा दिला पाहिजे, असा आदेश बॉनिफेसने दिला. बव्हेरियात राहणाऱ्या व्हर्जिल आणि सिडोनियस या दोन धर्मोपदेशकांनी त्याविरुद्ध रोमकडे दाद मागितली. पोपने निर्णय त्यांच्या बाजूने दिला. बोलणाऱ्याने पाखंडी मत प्रतिपादण्यासाठी नव्हे, तर केवळ भाषेच्या अज्ञानामुळे शब्द मोडला असेल, तर संस्कार घडला असेच मानले पाहिजे. तो दुसऱ्यांदा करता येणार नाही, असे त्याने बॉनिफेसला कळविले.

‘जर्मनांचा प्रेषित’ म्हणून गौरविलेल्या या संताच्या चरित्रात हा प्रसंग सामान्यतः चार ओळींत आटोपला जातो. देववृक्ष तोडणारा वीर आणि हौतात्म्य पावलेला वृद्ध या दोन चित्रांपुढे विभक्तीचा वाद फिका वाटावा, यात नवल नाही. तथापि बॉनिफेसच्या आयुष्याचे मर्म या वादातच सापडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हा पुरुष प्रथम व्याकरणकार होता आणि मग धर्मप्रसारक झाला. शब्दाचे सामर्थ्य त्याच्या रूपात असते की बोलणाऱ्याच्या हेतूत, हा प्रश्न त्याच्यापुढे आयुष्यभर निरनिराळ्या वेषांत उभा राहिला. त्या दृष्टीने त्याच्या चरित्राकडे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

त्यासाठी साधने दोन प्रकारची आहेत. त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत माइन्त्स येथील विलिबाल्ड नावाच्या धर्मगुरूने लिहिलेले चरित्र हे पहिले. दुसरे म्हणजे बॉनिफेस आणि त्याचा उत्तराधिकारी लुल यांचा सुमारे दीडशे पत्रांचा संग्रह. त्याची प्रमाणभूत आवृत्ती मिखाएल टांगल याने १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. चरित्रात संत दिसतो, पत्रांत माणूस दिसतो. या दोहोंत जेथे अंतर पडते, तेथे पत्रांकडे अधिक लक्ष देणे श्रेयस्कर होय.

२

बॉनिफेसचे मूळ नाव विन्फ्रिथ. त्याचा जन्म इ. स. ६७५ च्या सुमारास इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील वेसेक्स राज्यात झाला. क्रेडिटन हे त्याचे जन्मग्राम, असे उत्तरकालीन परंपरा सांगते. बालपणीच तो एक्सेटर येथील मठात दाखल झाला आणि पुढे साउदम्प्टनजवळच्या नर्सलिंग येथील मठात विन्बर्ट या मठाधिपतीपाशी राहून त्याने विद्या संपादिली. तेथेच तो अध्यापक झाला आणि वयाच्या तिशीच्या सुमारास त्यास धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

या काळात त्याने लॅटिनचे एक व्याकरण रचले आणि ते सिगेबर्ट नावाच्या विद्यार्थ्यास अर्पण केले. छंदांवरही त्याने लिहिले. दहा सद्गुण आणि दहा दुर्गुण यांच्यावर त्याने पद्यमय कोडी केली. प्रत्येक कोड्याच्या ओळींची आद्याक्षरे जुळविली असता त्याचे उत्तर मिळते. अक्षराच्या जागेवर इतके प्रेम करणारा हा लेखक होता, हे ध्यानात ठेवावे.

त्याच्या व्याकरणाचे महत्त्व समजण्यासाठी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चौथ्या शतकातील दोनातुस याचे व्याकरण त्या काळी सर्वत्र प्रमाण मानले जाई. परंतु दोनातुसचे विद्यार्थी घरी लॅटिन बोलणारे होते. त्यांना शब्द कसा चालवावा हे शिकवावयाचे नव्हते. जी भाषा येतच होती तिचे पृथक्करण तेवढे शिकवावयाचे होते. इंग्लंडमधील मुलाची स्थिती निराळी होती. त्याची मातृभाषा जर्मानिक कुलातली. लॅटिनचा प्रत्येक प्रत्यय त्यास पुस्तकातून पाठ करावा लागे. म्हणून आठव्या शतकाच्या आरंभी टॅट्विन आणि विन्फ्रिथ या दोन इंग्रज व्याकरणकारांनी जुन्या ग्रंथांतून वेचे घेऊन नामांच्या आणि क्रियापदांच्या भरपूर रूपावल्या असलेली व्याकरणे सिद्ध केली. संस्कृत रूपावली घोकून त्या भाषेत शिरलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्यास ही स्थिती सहज समजेल.

यातून एक विलक्षण परिणाम घडला. ज्यांना लॅटिन परकी होती, त्यांचीच लॅटिन पुस्तकाबरहुकूम शुद्ध राहिली. ज्यांच्या घरात ती परंपरेने नांदत होती, त्या गॉल आणि इटली या देशांत ती बोलता बोलता बदलत गेली. अंत्य वर्ण झिजले, विभक्ती एकमेकींत मिसळल्या आणि पुढे फ्रेंच व इटालियन म्हणून ओळखल्या गेलेल्या भाषांकडे तिची वाटचाल चालू झाली. विन्फ्रिथला मात्र शुद्ध आणि अशुद्ध यांच्यामध्ये अशी संथ उतरण दिसत नव्हती. ग्रंथात आहे ते शुद्ध, ग्रंथाबाहेरचे अशुद्ध, हीच त्याच्या शिक्षणाची भूमी होती.

३

इ. स. ७१६ मध्ये, चाळिशी गाठलेली असता, हा अध्यापक समुद्र ओलांडून फ्रिझियात गेला. फ्रिझियन, सॅक्सन आणि इंग्रज हे लोक परस्परांचे आप्त आणि त्यांच्या भाषाही सगोत्र होत्या. फ्रिझियन भाषा तर आजही इंग्रजीची सर्वांत जवळची भगिनी मानली जाते. या नात्याची जाणीव त्या काळीही होती. इ. स. ७३८ च्या सुमारास बॉनिफेसने समस्त इंग्रज जनांना पत्र लिहून जुन्या सॅक्सनांच्या धर्मांतरासाठी प्रार्थना करण्याची विनंती केली. त्यात ‘आपण एकाच रक्ताचे आणि एकाच हाडाचे आहोत’ असे ते सॅक्सन लोक स्वतःच म्हणतात, याची त्याने आठवण करून दिली आहे. बोली ऐकून अर्थ लागावा अशा प्रदेशाकडे तो निघाला होता.

पण भाषेचे आप्तत्व राजकारणात उपयोगी पडत नाही. फ्रिझियनांचा राजा रॅडबॉड आणि फ्रँकांचा सत्ताधीश चार्ल्स मार्टेल यांच्यात युद्ध पेटले होते. ख्रिस्ती धर्म हा शत्रूचा धर्म ठरला होता. विन्फ्रिथ त्याच वर्षी रिकाम्या हाताने परत आला. नर्सलिंगच्या मठाने त्यास मठाधिपतीपद देऊ केले. ते त्याने नाकारले आणि इ. स. ७१८ मध्ये, विंचेस्टरचा बिशप डॅनिअल याचे परिचयपत्र घेऊन, त्याने मायदेश कायमचा सोडला.

तो प्रथम रोमला गेला. १५ मे ७१९ रोजी पोप ग्रेगरी दुसरा याने त्यास जर्मन प्रदेशात धर्मप्रसार करण्याचा अधिकार दिला आणि ‘बॉनिफेस’ हे नवे नाव दिले. त्यानंतर काही काळ त्याने उट्रेख्ट येथील वृद्ध इंग्रज धर्मप्रसारक विलिब्रॉर्ड याच्या हाताखाली फ्रिझियात, आणि मग स्वतंत्रपणे हेस्से प्रांतात काम केले. इ. स. ७२२ मध्ये पोपने त्यास पुन्हा रोमला पाचारण केले.

या भेटीचा विलिबाल्डने दिलेला वृत्तान्त भाषेच्या अभ्यासकास अत्यंत मोलाचा आहे. पोपने बॉनिफेसला त्याच्या श्रद्धेविषयी तोंडी प्रश्न केले. तेव्हा बॉनिफेसने उत्तर दिले की, मी परदेशी आहे, आपल्या नित्य बोलण्याच्या भाषेत मी निष्णात नाही. मला थोडा अवधी द्यावा म्हणजे मी माझी श्रद्धा लिहून देईन. पुढे त्याने आपले निवेदन सुबक आणि विद्वत्ताप्रचुर लॅटिनमध्ये लिहून पोपकडे पाठविले. काही दिवसांनी पोपने त्यास बोलावून जवळजवळ दिवसभर त्याच्याशी संभाषण केले.

लॅटिनचे व्याकरण लिहिणारा मनुष्य रोममध्ये लॅटिन बोलावयास का कचरला? यास केवळ विनय म्हणून सोडून देता येणार नाही. रोममध्ये जी भाषा तोंडी चाले तिचा उच्चार आणि विन्फ्रिथने अक्षरागणिक शिकलेला उच्चार यांत आठव्या शतकापर्यंत बरेच अंतर पडले होते. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दोन भाषा कागदावर एकत्र येत. कानांवर त्या निराळ्या पडत. बॉनिफेसने कागदाचा आश्रय घेतला. त्याच्या आयुष्यातील हा पवित्रा वारंवार दिसतो : जेथे वाणी अडते तेथे तो लेखणीकडे वळतो. ३० नोव्हेंबर ७२२ रोजी पोपने त्यास बिशपपदाचा अभिषेक केला.

४

हेस्सेमध्ये परतल्यावर, इ. स. ७२३ च्या सुमारास, गाइस्मार येथील प्रसिद्ध ओक वृक्षाचा प्रसंग घडला. विलिबाल्ड लिहितो की, मूर्तिपूजकांचा मोठा समुदाय शिव्याशाप देत उभा असता बॉनिफेसने वृक्षावर घाव घातला. थोडेसे छेदन होताच वरून आलेल्या दैवी झंझावाताने तो विशाल वृक्ष कोसळला आणि त्याची चार समान शकले झाली. त्याच लाकडाचे बॉनिफेसने संत पीटरच्या नावे प्रार्थनामंदिर बांधविले.

येथेही एक भाषिक बारकावा आहे. विलिबाल्डने या वृक्षास ‘ज्युपिटरचा ओक’ म्हटले आहे. हेस्सेचे लोक ज्युपिटरची पूजा करीत नव्हते. त्यांचा देव मेघगर्जनेचा अधिपती डोनार. इंग्रजांत त्याचेच नाव थुनोर आणि उत्तरेकडे थोर. गुरुवारच्या इंग्रजी व जर्मन नावांत तो आजही वावरतो. लॅटिन लेखकाने देवाचे नाव भाषांतरित केले आणि त्या भाषांतरात वृक्षाचे स्थानिक नाव हरपले. जिंकलेल्यांचा शब्द जिंकणाऱ्यांच्या भाषेतून आपल्यापर्यंत कसा पोहोचतो, याचे हे लहानसे उदाहरण होय.

याच सुमारास बिशप डॅनिअलने बॉनिफेसला एक उपदेशपर पत्र लिहिले. अन्य धर्मीयांशी वाद कसा करावा, हा त्याचा विषय. त्यांच्या देवांच्या वंशावळी खोट्या आहेत असे एकदम म्हणू नये. त्या मान्य केल्यासारखे दाखवून, जे जन्मले त्यांना आदी आहे, मग जगाचा आरंभ कोणी केला, असे प्रश्न विचारावेत. चिडवू नये, अपमान करू नये, शांतपणे आणि संयमाने बोलावे, असे तो सांगतो. यांत एक व्यावहारिक युक्तिवादही आहे : तेल आणि द्राक्षासव यांनी समृद्ध असलेले प्रदेश ख्रिस्ती लोकांच्या हाती आले आणि थंडीने गारठलेले प्रदेश तेवढे त्या देवांना उरले, हे कसे?

कुऱ्हाड आणि संवाद ही दोन साधने एकाच वेळी बॉनिफेसच्या हाती होती. पण त्या दोहोंच्या मागे तिसरे बळ उभे होते, आणि ते त्याने लपविलेले नाही. इ. स. ७२३ मध्ये चार्ल्स मार्टेलने त्यास संरक्षणपत्र दिले होते. वीस वर्षांनी डॅनिअललाच लिहिताना बॉनिफेस कबूल करतो की, फ्रँक राजपुरुषाच्या आश्रयावाचून लोकांवर नियंत्रण ठेवणे, धर्मगुरूंचे रक्षण करणे किंवा मूर्तिपूजेचे विधी बंद पाडणे आपणास शक्य झाले नसते. विलिबाल्डच्या चरित्रात वृक्ष वाऱ्याने पडतो; पत्रांत राजसत्तेचे नाव निघते. इतिहासकाराने दोन्ही वाचले पाहिजेत.

५

बॉनिफेसची पत्रे पाहताना सर्वांत मनात भरते ती त्याची ग्रंथांची भूक. इंग्लंडमधील मित्रांकडे तो सतत पुस्तके मागतो. बीडच्या मृत्यूनंतर त्याने यॉर्कचा आर्चबिशप एग्बर्ट याजकडे आणि बीडच्या मठाच्या अधिपतीकडे बीडचे ग्रंथ मागितले. एडबुर्ग या मठाधिपतिणीस त्याने संत पीटरची पत्रे सोन्याच्या अक्षरांत लिहून देण्याची विनंती केली आणि त्यासाठी लागणारे सोनेही धाडले. कारण त्याने सांगून टाकले आहे : ज्यांचे लक्ष डोळ्यांना दिसेल त्यावरच जाते, त्यांच्या मनात उपदेशाच्या वेळी पवित्र शास्त्राविषयी आदर उत्पन्न व्हावा. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी ग्रंथ ही पाहावयाची वस्तू होती. शब्दाचे रूप अर्थावाचूनही प्रभाव पाडते, हे या व्याकरणकाराने नेमके ओळखले होते.

डॅनिअलला लिहिलेल्या पत्रातील मागणी याहून हृदयस्पर्शी आहे. विन्बर्टने मागे ठेवलेला सहा प्रेषितांचा ग्रंथ पाठवावा, असे त्याने मागितले. कारण त्यात अक्षरे स्पष्ट आणि सुटी लिहिलेली होती. आपली दृष्टी मंद होत चालली आहे आणि बारीक, एकमेकांस चिकटलेली अक्षरे वाचवत नाहीत, असे तो सांगतो. त्याच पत्रात अंध झालेल्या डॅनिअलचे त्याने सांत्वनही केले आहे. दोन वृद्ध विद्वान, एकाची दृष्टी गेलेली आणि दुसऱ्याची जाऊ लागलेली. त्यांच्यामध्ये गुरूच्या हाताखालचा एक जुना ग्रंथ आहे.

या पत्रव्यवहारात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. लिओबा ही त्याची नातलग. तिने त्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्वतः रचलेल्या चार लॅटिन ओळी पाठविल्या, आपली ओबडधोबड भाषा सुधारून द्यावी अशी विनंती केली आणि पद्यरचना आपण एडबुर्गपाशी शिकलो असे नमूद केले. पुढे बॉनिफेसने तिला जर्मन प्रदेशात बोलावून घेतले आणि टाउबरबिशोफ्सहाइम येथील मठाची प्रमुख केले. भाषेतील चुका दुरुस्त करून मागणे हा या मंडळींमध्ये स्नेहाचाच एक प्रकार होता.

ही सारी पत्रे लॅटिनमध्ये आहेत. इंग्रज माणसाने इंग्रज माणसाला लिहावे आणि दोघांची मातृभाषा एकच असताना तिसऱ्या भाषेत लिहावे, हा त्या काळाचा रिवाज होता. संग्रहातील एका अनामिक लेखकाच्या पत्रात मात्र एक इंग्रजी म्हण येऊन गेली आहे. कामात चालढकल करणारा मनुष्य कीर्तीला मुकतो आणि एकाकी मरतो, असा तिचा आशय. एवढी फट सोडली तर मातृभाषा या पत्रांत मुकी आहे.

६

आता आरंभीच्या वादाकडे वळू. इ. स. ७३२ मध्ये पोप ग्रेगरी तिसरा याने बॉनिफेसला आर्चबिशप केले. तिसऱ्या रोमयात्रेनंतर इ. स. ७३९ मध्ये त्याने बव्हेरियातील साल्झबुर्ग, फ्रायझिंग, रेगेन्सबुर्ग आणि पासाउ या बिशपक्षेत्रांची घडी बसविली. चार्ल्स मार्टेलचा पुत्र कार्लोमान याच्या पाठिंब्याने इ. स. ७४० नंतरच्या दशकात त्याने धर्मसभा भरविल्या आणि फ्रँक राज्यातील धर्मसंस्थेस शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. मूर्तिपूजकांना धर्म सांगण्याचे काम आता मागे पडले. आधीच ख्रिस्ती असलेल्यांना शुद्ध करण्याचे काम पुढे आले.

विभक्तीचा वाद या टप्प्यावरचा आहे. पण त्याची चाहूल आधीच लागली होती. इ. स. ७३९ मध्ये ग्रेगरी तिसरा याने बॉनिफेसच्या एका शंकेस उत्तर देताना लिहिले होते की, मूर्तिपूजक लोकांच्या भाषांतील वैविध्यामुळे आणि रूपभेदामुळे ज्यांचा बाप्तिस्मा विकृत शब्दांत झाला, त्यांचाही बाप्तिस्मा त्रैक्याच्या नावाने झालाच आहे. त्यांना हस्तस्पर्शाने आणि पवित्र तैलाने दृढ करावे. रोमचे धोरण यावरून स्पष्ट झाले होते. तरीही सात वर्षांनी बॉनिफेसने पुनर्बाप्तिस्म्याचा आग्रह धरला, यावरून ही त्याची अजाणता नसून खोलवर रुजलेली निष्ठा होती, असे म्हणावे लागते.

त्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. बाप्तिस्मा हा त्या काळाच्या श्रद्धेनुसार शाश्वत जीवनाचा दरवाजा होता. मंत्र बिघडला आणि दरवाजा उघडलाच नाही, तर त्या माणसाचा आत्मा अनंतकाळ बाहेर राहील, ही भीती त्याला खरीखुरी होती. ‘पात्रिआ’ हे त्याच्या कानाला केवळ अशुद्ध रूप नव्हते. तो निराळा शब्द होता, आणि निराळ्या शब्दाचा अर्थ निराळा. ज्याने लॅटिन रूपावलीतून शिकली त्याला असेच वाटणार. उलट बव्हेरियाच्या त्या धर्मगुरूने हे वाक्य एक अखंड ध्वनिसमूह म्हणून ऐकले आणि म्हटले होते. त्याच्या मनात षष्ठी नव्हती, प्रथमा नव्हती; पित्याचे, पुत्राचे आणि आत्म्याचे नाव तेवढे होते.

आपल्या परंपरेतही हा प्रश्न अपरिचित नाही. पतंजलीच्या महाभाष्यात उल्लेखिलेली ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाची कथा सर्वश्रुत आहे : स्वर चुकला, समास बदलला आणि यजमानाचाच घात झाला. तेथे हेतूने शब्दास वाचविले नाही. रोमचा निर्णय याच्या नेमका उलट आहे. हेतू शुद्ध असेल तर रूपाचा दोष क्षम्य, असे झकारियासने ठरविले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, झकारियास स्वतः ग्रीक वंशाचा होता आणि ग्रेगरी पहिला याच्या ‘संवाद’ या ग्रंथाचे त्याने ग्रीकमध्ये भाषांतर केले होते. तक्रार करणारा व्हर्जिल आयरिश होता. लॅटिनचा हा वाद इंग्रज, आयरिश आणि ग्रीक वंशाचा माणूस यांच्यामध्ये झाला. भाषांतर करणाऱ्याने हेतूचा पक्ष घ्यावा आणि व्याकरण लिहिणाऱ्याने रूपाचा, हे दोघांच्याही स्वभावास धरून होते.

७

इ. स. ७४४ मध्ये बॉनिफेसचा शिष्य स्टुर्म याने त्याच्या आज्ञेवरून फुल्डा येथे मठ स्थापन केला. पुढे माइन्त्सचे बिशपक्षेत्र बॉनिफेसकडे आले. तथापि आयुष्याच्या अखेरीस त्याचे मन पहिल्या अपयशाकडे ओढ घेऊ लागले. ऐंशीच्या घरात असताना तो पुन्हा फ्रिझियात गेला. ५ जून ७५४ रोजी, नवदीक्षितांना दृढ करण्याच्या दिवशी, डोक्कुमजवळ सशस्त्र टोळीने त्याच्या तळावर हल्ला केला. परंपरेनुसार बावन्न सोबत्यांसह तो मारला गेला. विलिबाल्ड सांगतो की, लुटारूंनी सोने मिळेल या आशेने पेट्या फोडल्या आणि त्यांत ग्रंथ निघाले. ते त्यांनी शेतांत आणि दलदलीत भिरकावून दिले. त्या हल्ल्याशी परंपरेने जोडलेला, शस्त्रांचे घाव बसलेला एक ग्रंथ फुल्डा येथे जपून ठेवलेला आहे. त्याचा देह त्याच्या इच्छेनुसार फुल्डा येथेच पुरण्यात आला.

शब्द आणि हेतू यांचा प्रश्न त्याच्याबरोबर संपला नाही. ज्या जुन्या सॅक्सनांसाठी त्याने प्रार्थना मागितली, त्यांचे धर्मांतर शार्लमेनने इ. स. ७७२ ते ८०४ या काळात युद्ध करून घडविले. त्याने सॅक्सन प्रदेशासाठी केलेल्या कायद्यात बाप्तिस्मा नाकारणाऱ्यास मृत्युदंड सांगितला होता. याच कालखंडाच्या अखेरीची, माइन्त्स व फुल्डा यांच्या परिसराशी संबंधित अशी एक हस्तलिखित बाप्तिस्मा-प्रतिज्ञा आज उपलब्ध आहे. तीत थुनाएर, वोडेन आणि साक्सनोट या देवांचा त्याग लोकभाषेत वदविला आहे आणि त्या भाषेत अभ्यासकांना इंग्रजी वळणाची रूपेही आढळली आहेत. येथे प्रत्येक शब्द बोलणाऱ्याला समजत होता. षष्ठी चुकण्याचे भय नव्हते. पण ज्याच्या मानेवर तलवार आहे, त्याच्या ‘मी त्याग करतो’ या म्हणण्याचा हेतू कोणता मानावा? इंग्रज विद्वान अल्क्विन याने इ. स. ७९६ च्या सुमारास हाच आक्षेप घेतला : मनुष्यास बाप्तिस्म्यापर्यंत ओढून नेता येते, श्रद्धेपर्यंत नेता येत नाही. झकारियासने हेतूच्या बळावर अशुद्ध शब्द तारला होता. सॅक्सनांच्या बाबतीत शुद्ध शब्द हाती आला आणि हेतूच हरवला.

भाषेच्या इतिहासाने मात्र या कार्याचा एक शांत ठसा जपून ठेवला आहे. दक्षिण जर्मनीत ‘पवित्र आत्म्या’साठी ‘वीह आतुम’ ही संज्ञा होती. इंग्रज धर्मप्रसारकांच्या प्रभावक्षेत्रात ‘हालिग गास्त’ या इंग्रजी पदाच्या धर्तीवरची ‘हायलाग गाइस्ट’ ही संज्ञा रूढ झाली, आणि सर्व जर्मन भाषेत शेवटी तीच टिकली. फुल्डा येथे इ. स. ८३० च्या सुमारास सिद्ध झालेल्या शुभवर्तमानाच्या जर्मन भाषांतरात ती आढळते. शनिवारासाठी उत्तर आणि पूर्व जर्मनीत ऐकू येणारा ‘झोनआबेंट’, म्हणजे रविवारची पूर्वसंध्या, हा शब्दही इंग्रजी नमुन्यावर बेतलेला मानला जातो. फुल्डाचे लेखनिक नवव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी वळणाची लिपी वापरीत होते, आणि ‘हिल्डेब्रांट’ या वीराचे जुने जर्मन गीत ज्या एकमेव हस्तलिखितात वाचले, तेही तेथेच उतरविले गेले. ज्या मठाच्या संस्थापकाने मातृभाषेत लिहिलेली एक ओळही मागे ठेवली नाही, तो मठ जर्मन वाङ्मयाच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक झाला.

मराठीच्या अभ्यासकास येथे एक तुलना सुचल्यावाचून राहत नाही. बॉनिफेसनंतर सुमारे साडेआठशे वर्षांनी, प्राचीन वेसेक्सच्याच भूमीतील विल्टशरमध्ये जन्मलेला फादर थॉमस स्टीफन्स इ. स. १५७९ मध्ये गोव्यास आला. त्यानेही व्याकरण लिहिले. पण ते कोकणीचे, म्हणजे ज्यांना उपदेश करावयाचा त्यांच्या भाषेचे होते. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्ये मुद्रित झाले, ते मराठी ओवीत. बॉनिफेसने धर्मग्रंथांची भाषा लोकांपर्यंत नेण्यासाठी व्याकरण हाती घेतले. स्टीफन्सने लोकांची भाषा धर्मग्रंथापर्यंत आणण्यासाठी. यावरून एकास थोर आणि दुसऱ्यास लहान ठरविण्याचे कारण नाही. आठव्या शतकात मध्य युरोपातील बोलींना लेखनाची परंपराच नव्हती, तर स्टीफन्सच्या समोर ज्ञानेश्वर-एकनाथांनी घडविलेली भाषा तयार उभी होती.

बॉनिफेसचे मोठेपण त्याच्या हातातील कुऱ्हाडीने मोजू नये. पोपचा निर्णय आपल्या विरुद्ध गेला असताही रोमशी असलेले नाते त्याने तुटू दिले नाही. शंका आली की तो विचारीत राहिला, आणि मिळालेली उत्तरे त्याच्या मंडळींनी जपून ठेवली. त्यामुळेच एका अनामिक धर्मगुरूच्या तोंडून निसटलेली दोन रूपे बारा शतकांहून अधिक काळ टिकून राहिली. अशुद्ध शब्दाची इतकी काळजीपूर्वक नोंद एखादा व्याकरणकारच घेऊ शकतो. आणि त्या अशुद्ध शब्दामागे एक श्रद्धावान मनुष्य उभा असतो, हे त्यास दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागते. बॉनिफेसच्या पत्रसंग्रहात हे दोन्ही आवाज एकत्र ऐकू येतात, म्हणून भाषेच्या अभ्यासकाने तो अवश्य वाचावा.